वजनकाट्याच्या आधी सीटी स्कॅन सांगतो: कॅन्सरमधलं खंगणं आणि एआय

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला आलेला पाहुणा दारातच म्हणून जातो, "किती उतरलात हो!" घरच्यांनी रोज बघितल्यामुळे त्यांना तितकंसं जाणवलेलं नसतं. मग एकेक गोष्ट लक्षात येते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलंय, गालफडं बसलीयत. पण गालफडं बसेपर्यंत अंगावरचं मांस उतरायला लागून बहुतेक वेळा कित्येक महिने झालेले असतात. त्या महिन्यांत त्याच पेशंटचे एक-दोन सीटी स्कॅनही झालेले असतात, गाठ कमी झाली की वाढली ते बघण्यासाठी. स्नायू झिजतायत हे त्याच स्कॅनमध्ये दिसत असतं, पण रिपोर्टमध्ये त्याबद्दल सहसा एक ओळही नसते. कारण ते मोजणं किचकट आहे आणि रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर पुढचे चाळीस स्कॅन वाट बघत असतात.

हे मोजमाप आता एआय काही सेकंदांत करू शकतं. मला ही बातमी महत्त्वाची वाटते, कारण यासाठी नवं मशीन नको, नवी तपासणी नको आणि पेशंटला जादा किरणोत्सर्गही नको. माहिती आधीच काढून ठेवलेली आहे, ती फक्त वाचायची आहे.

खातोय, तरी का खंगतोय?

कॅन्सरमध्ये होणाऱ्या या झिजेला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या पेशंटपैकी ८० टक्क्यांपर्यंत लोकांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो, आणि कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण २० टक्क्यांचं थेट कारण तोच असतो, असे आकडे वैद्यकीय लिखाणात दिले जातात. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण सर्वांत जास्त.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो घराघरांत दुःख देतो. कॅकेक्सिया म्हणजे नुसती उपासमार नाही. निरोगी माणूस उपाशी राहिला, तर शरीर आधी चरबी वापरतं आणि स्नायू होईल तितके जपतं. पुन्हा जेवण सुरू झालं की गेलेलं भरून येतं. कॅकेक्सियात हा हिशोबच बिघडतो. चूल पेटती ठेवण्यासाठी घराची दारं-खिडक्या तोडून जाळावीत, तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडून वापरायला लागतं.

यामागे मुख्यतः शरीरभर धुमसणारा दाह असतो. गाठ आणि तिच्याशी लढणाऱ्या प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी रसायनं सतत रक्तात सोडत राहतात. त्यांच्या प्रभावाखाली स्नायूंमधली प्रोटीन मोडण्याची यंत्रणा जोरात चालते आणि नवीन प्रोटीन बांधण्याची मंदावते. मोडलेल्या प्रोटीनमधून सुटलेली अमिनो आम्लं यकृत उचलतं आणि त्यातून सीआरपीसारखी दाहाशी संबंधित प्रोटीनं बनवत बसतं. गाठ साखर भरमसाट वापरते आणि लॅक्टेट बाहेर टाकते. त्या लॅक्टेटची पुन्हा साखर करताना यकृताची वेगळी ऊर्जा खर्च होते. शिवाय जीडीएफ-१५ नावाचं एक प्रोटीन रक्तात वाढतं. मेंदूच्या तळाशी, जिथे मळमळ आणि भूक यांचं नियंत्रण होतं, तिथे त्याला ओळखणारा रिसेप्टर आहे, हे २०१७ साली समजलं. म्हणून पेशंटला अन्न समोर आलं तरी नको होतं, आवडीच्या आमटीचा वास आला तरी पोटात ढवळतं.

तेव्हा ताट बाजूला सारणाऱ्या वडिलांवर "तुम्ही प्रयत्नच करत नाही" असं कोणी चिडू नये. आणि सुनेने किंवा बायकोने "माझंच करणं कमी पडलं" असं मनाला लावून घेऊ नये. भूक मेंदूतच दाबली गेली आहे आणि खाल्लेलंही स्नायूंपर्यंत पोचत नाही. यात स्वयंपाकघराचा दोष नाही.

उशीर कुठे होतो

२०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने कॅकेक्सियाची व्याख्या ठरवली, ती आजही वापरात आहे. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, तर कॅकेक्सिया. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २० पेक्षा कमी असेल किंवा स्नायूंचं प्रमाण मुळातच घटलेलं असेल, तर २ टक्क्यांहून जास्त घटही पुरे. त्याच गटाने तीन टप्पे सांगितले. पहिला प्री-कॅकेक्सिया, म्हणजे वजन जेमतेम उतरलंय पण भूक मंदावलीय आणि शरीराचं रसायन बदलायला लागलंय. मग प्रत्यक्ष कॅकेक्सिया. आणि शेवटचा असा टप्पा, जिथे कॅन्सर उपचारांना दाद देत नाही आणि झीज मागे फिरवण्याची आशा फारशी राहत नाही.

काही करता येण्यासारखं सगळं पहिल्या टप्प्यात आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला असतं. आणि नेमकं तेव्हाच वजनकाटा गप्प असतो किंवा फसवतो.

वजनकाटा फसवतो कसा, ते बघा. पोटात पाणी झालं किंवा पायांवर सूज आली, तर पाण्याचं वजन वाढतं आणि स्नायूंची घट झाकली जाते. जाड माणसाचं दोन-तीन किलो वजन कमी झालं, तर कोणी काळजी करत नाही, उलट "बरं झालं, जरा बारीक झालात" म्हणतात. आणि पाच किलो उतरलं तरी त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे काट्याला कळतच नाही.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. १७० सेंटिमीटर उंचीचे, ८२ किलो वजनाचे एक गृहस्थ आहेत. तीन महिन्यांनी वजन ७९ किलो. घट साडेतीन टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे ५ टक्क्यांच्या रेषेच्या आत. केस पेपरवर नुसतं "७९" लिहिलं जाईल. पण त्याच दोन तारखांच्या सीटीत पोटाच्या पातळीवरचं स्नायूंचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटरवरून १३८ वर आलेलं असेल, तर स्नायू ८ टक्के गेले. काटा म्हणतोय "ठीक आहे", आणि सीटी म्हणतोय "थांबा, इकडे बघा".

असे लोक अपवाद नसतात. कॅनडातल्या एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गटाने २००८ साली फुप्फुस आणि पचनसंस्थेच्या कॅन्सरच्या २५० लठ्ठ पेशंटचे सीटी तपासले. त्यांच्यापैकी १५ टक्के लोकांचे स्नायू धोक्याच्या पातळीइतके घटलेले निघाले. वरून भरलेलं अंग आणि आत हाताला न लागणारी झीज. याच गटाने २०१३ साली १४७३ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन उतरलेलं, स्नायू कमी आणि स्नायूंची प्रतही खालावलेली (म्हणजे त्यांत चरबी शिरलेली), या तिन्ही गोष्टी ज्यांच्यात होत्या ते साधारण ८.४ महिने जगले. तिन्हींपैकी एकही नव्हती ते २८.४ महिने. पहिल्या गटातला माणूस दिसायला किडकिडीत असो की लठ्ठ, त्याने फरक पडला नाही. मला या सगळ्या विषयात हा आकडा सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. डोळ्यांनी बघून "तब्येत बरी आहे" म्हणण्याला काहीच अर्थ उरत नाही.

याचा संबंध किमोशीही आहे. बहुतेक किमोचे डोस उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतात. दोन माणसांचं वजन सारखं, पण एकाचे स्नायू खूप कमी असले, तर त्याच डोसचा त्रास त्याला जास्त होण्याची शक्यता असते. तोंड येणं, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरणं, मग पुढचा डोस लांबणीवर. काही किमो औषधांच्या बाबतीत हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

सीटीच्या एका चकतीत काय दिसतं

सीटी म्हणजे शरीराच्या आडव्या चकत्यांचे फोटो. स्नायू मोजण्यासाठी जगभर एक ठरावीक चकती वापरतात, कमरेच्या तिसऱ्या मणक्याची. ही जागा साधारण बेंबीच्या किंचित वर येते. ही एकच चकती का? तर तिथल्या स्नायूंचं क्षेत्रफळ सगळ्या शरीरातल्या स्नायूंशी चांगलं जुळतं, हे मोजून दाखवलेलं आहे.

ती चकती स्क्रीनवर बघितली, तर मध्ये पांढराशुभ्र मणका दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे दोन गोलसर ठिपके असतात, ते मांडी वर उचलणारे सोआस स्नायू. मणक्याच्या मागे पाठीचा कणा ताठ ठेवणाऱ्या स्नायूंचे दोन जाड पट्टे. आणि पोटाभोवती बरगडीखालून बेंबीकडे वळणाऱ्या स्नायूंचं पातळ कडं. या कड्याच्या बाहेर त्वचेखालची चरबी काळपट दिसते, आतड्यांच्या मधली चरबीही तशीच. निरोगी माणसाचे पाठीचे स्नायू एकसंध करडे असतात. खंगत चाललेल्या माणसात ते आक्रसतात आणि त्यांच्यात चरबीचे काळे धागे शिरलेले दिसतात. वरची "प्रत खालावली" म्हणजे हेच. स्नायू जागेवर आहे, पण त्यात ताकद राहिलेली नाही.

करडं किती, काळं किती, हे नजरेच्या अंदाजावर ठेवावं लागत नाही. सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड एककात. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००. गॉडफ्री हाउन्सफील्ड या ब्रिटिश इंजिनिअरच्या नावावरून हे एकक आलं. त्याच्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला आणि १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. स्नायूंचे आकडे साधारण उणे २९ ते अधिक १५० यांच्यामध्ये येतात, चरबीचे त्याहून खाली. म्हणजे स्नायूंची बाहेरची रेषा नीट आखली, तर क्षेत्रफळ आणि प्रत दोन्ही आकड्यांत मिळतात. क्षेत्रफळाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं, की उंच-बुटका हा फरक निघून जातो. मघाच्या गृहस्थांचं उत्तर ५१.९ वरून ४७.८ वर आलं असतं.

पण ती रेषा आखणंच जिकिरीचं. माउस हातात धरून आतड्याची भिंत वगळायची, मूत्रपिंड वगळायचं, बरगडीचं टोक वगळायचं. सराव असलेल्या माणसालाही एका चकतीला बराच वेळ लागतो. संशोधनात हे चालून जातं. रोज शेकडो स्कॅन होणाऱ्या हॉस्पिटलात कोण करणार? म्हणून वर्षानुवर्षं हे मोजमाप शोधनिबंधांत राहिलं आणि पेशंटच्या फायलीत आलं नाही.

एआय नेमकं काय करतं

इथे एआय म्हणजे गप्पा मारणारा चॅटबॉट नाही. हा चित्रातले ठिपके ओळखायला शिकलेला प्रोग्रॅम आहे. शिकवायची पद्धत अशी: तज्ज्ञांनी हाताने रंगवलेल्या शेकडो-हजारो चकत्या त्याला द्यायच्या, स्नायू एका रंगात, त्वचेखालची चरबी दुसऱ्या, आतली चरबी तिसऱ्या. प्रोग्रॅम आधी चुकीचं रंगवतो. तज्ज्ञाच्या चित्राशी ताडून त्याची चूक मोजली जाते आणि ती थोडी कमी होईल अशा बेताने आतले लाखो आकडे हलवले जातात. असं पुन्हा पुन्हा झालं, की त्याने कधीच न बघितलेल्या पेशंटची चकतीही तो बरोबर रंगवायला लागतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ साली तयार झालेल्या यू-नेट नावाच्या रचनेने वैद्यकीय चित्रांसाठी हे काम सोपं केलं. आजची बहुतेक साधनं तिच्याच घराण्यातली. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या विद्यापीठ हॉस्पिटलातल्या गटाने टोटलसेगमेंटेटर नावाचं साधन प्रसिद्ध केलं. ते सीटीतले शंभराहून जास्त अवयव, हाडं आणि स्नायू आपोआप वेगळे करून देतं.

म्हणजे कामाची पहिली पायरी अशी: प्रोग्रॅम शेकडो चकत्यांमधून तिसऱ्या मणक्याची चकती हुडकतो, रंगवतो, आकडा देतो. आधीचा स्कॅन असेल तर त्याच्याशी ताडून किती टक्के घट झाली तेही सांगतो.

दुसरी पायरी अंदाजाची. नुसते स्नायू बघून "याला कॅकेक्सिया होतोय" म्हणणं घाईचं ठरेल. वयोमानानेही स्नायू उतरतात, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही उतरतात. म्हणून काही गट सीटीच्या आकड्याबरोबर बाकीची माहितीही प्रोग्रॅमला देतात: वय, वजन, कॅन्सर कुठला आणि कितव्या स्टेजचा, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन, डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी. "दोन आठवड्यांपासून जेवण जात नाही", "लवकर थकतो" अशी डॉक्टरांनी केस पेपरवर भराभर लिहिलेली वाक्यंही मोलाची असतात. अमेरिकेतल्या फ्लॉरिडामधल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या गटाने २०२५ साली असं काम मांडलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये सीटी आणि मूलभूत माहिती यांवरून अंदाज ७७ टक्के बरोबर आले, रक्ततपासण्या जोडल्यावर ८१ टक्के, आणि डॉक्टरांच्या नोंदीही जोडल्यावर ८५ टक्के. माहितीची एकेक बाजू जोडत गेलं की अंदाज सुधारतो, हे यातून दिसतं.

८५ टक्के ऐकून लगेच हुरळून जायचं कारण नाही. शंभरातल्या पंधरा जणांच्या बाबतीत प्रोग्रॅम चुकला आणि ती चूक दोन प्रकारची असू शकते. धोका नसलेल्याला धोका सांगितला, तर आहारतज्ज्ञाची एक जादा भेट होईल, थोडी काळजी वाढेल. धोका असलेल्याला "सगळं ठीक" सांगितलं, तर हातातली वेळ जाईल. माझ्या मते अशा कामात पहिल्या प्रकारची चूक जास्त परवडते. पण तो कल कुठे ठेवायचा हे डॉक्टरांनी ठरवायचं, प्रोग्रॅमने नाही.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यांना पुढे हा कॅन्सर निघाला, त्यांचे आधी दुसऱ्याच कारणासाठी काढलेले सीटी मागाहून तपासले, तेव्हा काहींमध्ये चरबी आणि स्नायूंची झीज निदानाच्या कित्येक महिने आधीच सुरू झालेली दिसली. हा कॅन्सर बहुतेक वेळा उशिरा सापडतो, म्हणून संशोधक या खुणेकडे आशेने बघतायत. तपासणीच्या शिबिरात वापरण्याइतकी ती अजून पक्की नाही.

आपल्याकडच्या शरीरांचं काय?

स्नायू किती कमी म्हणजे "कमी", याच्या रेषा मुख्यतः कॅनडा, अमेरिका, युरोपातल्या पेशंटवरून आखलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा इथे लावल्या तर घोटाळा होईल. याचं कारण पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे याज्ञिकांनी पुण्याच्या परिसरातल्या नवजात बाळांपासून दाखवून दिलं. त्यांचा विषय मधुमेह होता, पण तो धडा इथेही तंतोतंत लागू पडतो.

कॅनडातली रेषा लावली, तर आपल्यातल्या कितीतरी ठणठणीत लोकांवरही "स्नायू कमी" असा शिक्का बसेल. आणि सगळ्यांवरच शिक्का बसला, की तो कोणी मनावर घेणार नाही. म्हणून दोन गोष्टी हव्यात. इथल्या निरोगी माणसांच्या सीटीवरून इथले आकडे ठरायला हवेत. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि त्याच्याशी नॅशनल कॅन्सर ग्रिडमधून जोडलेली देशभरातली केंद्रं मिळून हे करू शकतील इतके स्कॅन आपल्याकडे नक्की आहेत. आणि तोवर परक्या रेषेपेक्षा माणसाची त्याच्या स्वतःच्याच आधीच्या स्कॅनशी तुलना करणं जास्त भरवशाचं. रेषा कुठलीही असो, ८ टक्के घट ही ८ टक्केच.

दुसरी अडचणही खास आपली. तंबाखू, गुटखा, मावा यांमुळे आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर खूप. त्यांचा सीटी बहुतेक वेळा मानेपुरताच काढतात, कमरेचा मणका त्यात येतच नाही. आणि याच पेशंटना गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, रेडिएशनने तोंड सोलवटून निघतं, म्हणजे खंगण्याची भीती सर्वांत जास्त. यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१६ साली मार्ग दाखवला: मानेच्या तिसऱ्या मणक्याजवळचे स्नायू मोजूनही कमरेच्या पातळीचा अंदाज बांधता येतो. रेडिएशनच्या आखणीसाठी मानेचा सीटी करावाच लागतो, तोच वापरायचा. एआयला मानेची चकतीही रंगवायला शिकवता येते. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मला हेच काम आधी व्हावंसं वाटतं.

एआय कुठे अडखळतं, तेही माहीत असावं. अंगावर खूप सूज असेल तर पाणी शिरलेला स्नायू मोठा दिसतो. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमुळे हाउन्सफील्डचे आकडे वर सरकतात, म्हणून एक स्कॅन कॉन्ट्रास्टचा आणि एक साधा असेल तर प्रतीची तुलना फसते. मणक्यात बसवलेले धातूचे स्क्रू चित्र विसकटून टाकतात. एका कंपनीच्या मशीनवर शिकलेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर थोडा चुकू शकतो. म्हणून रंगवलेली चकती एकदा माणसाने डोळ्यांखालून घालायलाच हवी.

लवकर कळलं, तर पुढे काय

कॅकेक्सिया पूर्ण उलटवणारं औषध अजून नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. पण "काहीच करता येत नाही" हेही खरं नाही.

मळमळ, तोंडातले छाले, बद्धकोष्ठता, दुखणं, उदासी यांमुळेही खाणं अडतं, आणि यातल्या प्रत्येकावर उपचार आहे. लवकर कळलं तर डॉक्टर आधी इथे हात घालू शकतात.

मग खाणं. कॅन्सर पेशंटसाठीच्या युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात, रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅमहून जास्त, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रोटीन. ५० किलोच्या बाईंसाठी ५० ते ७५ ग्रॅम. आता आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात? भाताची पेज, मऊ भात, वरचं पातळ वरण, साबुदाण्याची खीर. पोटाला हलकं, पण प्रोटीन नावापुरतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, म्हणजे पेजेच्या वाट्यांवर ७५ चा आकडा गाठणं अशक्यच. त्याच पेजेत दूध पावडर कालवणं, खिरीत दाण्याचं कूट घालणं, घट्ट वरण, अंड्याची मऊ भुर्जी, पनीर कुस्करून, वाफवलेला मासा, आणि दिवसातून सहा-सात वेळा दोन-चार घास, असं केलं तर निदान जवळ जाता येतं. किडनीचा आजार असेल तर हा आकडा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचा. "साखर-दूध बंद करून कॅन्सरला उपाशी मारा" हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला मात्र कृपा करून पाळू नका. त्यात कॅन्सर नाही, पेशंट उपाशी राहतो.

स्नायूंना काम दिल्याशिवाय प्रोटीनही तिथे टिकत नाही. "आराम करा" हा आपला प्रेमाचा सल्ला इथे नुकसान करतो. खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, गॅलरीत फेऱ्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या हातात धरून वर-खाली करणं, एवढंही उपयोगाचं. हाडांत कॅन्सर पसरला असेल तर मात्र आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा.

औषधांच्या बाजूला आपल्या देशातलं एक काम अभिमानाने सांगण्यासारखं आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत किमो सुरू असलेल्या १२४ पेशंटवर चाचणी झाली आणि २०२३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओलान्झापिन हे मानसिक आजारांसाठीचं जुनं, स्वस्त औषध रोज फक्त अडीच मिलिग्रॅम दिलं. त्या गटात ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, औषध न दिलेल्या गटात ९ टक्के लोकांचं. त्यानंतर अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेनेही आपल्या सूचनांत हे औषध घेतलं. मनाने सुरू करण्याचं हे औषध नाही, गुंगी येते, इतर गोळ्यांशी जमतंय का ते बघावं लागतं. जपानमध्ये २०२१ पासून अनामोरेलिन हे भूक वाढवणारं औषध वापरतात. आणि जीडीएफ-१५ ला बांधून ठेवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या इंजेक्शनच्या १८७ पेशंटवरच्या चाचणीत १२ आठवड्यांत सर्वांत मोठ्या डोसच्या गटाचं वजन, औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्या गटापेक्षा साधारण २.८ किलोंनी वर राहिलं. ते २०२४ साली प्रसिद्ध झालं, मोठ्या चाचण्या बाकी आहेत. त्याच वर्षी, म्हणजे २०२४ साली, युरोपातल्या एका चाचणीत व्यायाम, आहार आणि दाह कमी करणारी गोळी एकत्र दिल्यावर वजन टिकलं, पण स्नायूंच्या बाबतीत फरक पडला नाही. म्हणजे वजनाची घट रोखणं जमू शकतं, गेलेले स्नायू परत आणणं फार कठीण. लवकर ओळखण्याची सगळी धडपड याचसाठी.

आज तुमच्या हॉस्पिटलात ही एआयची सोय कदाचित नसेल. तरीही काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. सीटी झाला की फिल्मच्या मोठ्या पाकिटाबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. फिल्मवर छापलेल्या चित्रातून हाउन्सफील्डचे आकडे मिळत नाहीत, सीडीतल्या फायलीतून मिळतात. त्यावर तारीख आणि हॉस्पिटलचं नाव मार्करने लिहून ठेवा. शक्य तेवढे स्कॅन एकाच ठिकाणी करा. दर आठवड्याला, सकाळी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करून वहीत मांडा, आणि पायावर सूज असेल तर शेजारी तसं लिहा. पुढच्या ओपीडीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवून विचारा, "मागच्या आणि या सीटीत स्नायूंमध्ये काही फरक दिसतोय का? आहारतज्ज्ञांकडे पाठवाल का?" रेडिओलॉजिस्टने दोन्ही चकत्या शेजारी-शेजारी लावून बघितल्या, तर मोठी घट साध्या डोळ्यांनाही दिसते. कोणीतरी विचारलं, तर ते बघितलं जाण्याची शक्यता वाढते.